केवळाबाईच्या हाकेची हद्द

केवळाबाईला देवानं उंची दिली नाही, रंग दिला नाही, जमीन तर दिलीच नाही. उरलंसुरलं जे काही होतं ते सगळं गळ्यात ओतलं. हे ती स्वतःच सांगते आणि वर म्हणते, "देताना देवाचा हात घसरला आसंल, दुसरं काय!"

सोनपेठच्या बाजाराहून एसटीनं गोदावरीकडं निघालं की उंबरवाडी लागते. गावाच्या कडेला बाभळीच्या काट्याचं कुंपण घातलेलं एक वाडगं आहे. तिथं केवळाबाई आणि तिचा नवरा येडबा यांची मेंढरं बसतात. येडबा मुलखाचा अबोल. लग्न ठरवताना त्याच्या आईनं, सरजाबाईनं, "पोरगी बोलती का?" एवढंच विचारलं होतं. मुलीकडच्यांनी "बोलती की!" असं सांगितलं. किती, ते सांगितलं नाही.

येडबा सकाळी मेंढरं घेऊन माळाला जायचा. दिवस कलला की केवळाबाई वाडग्याच्या तोंडाशी उभी राहायची, पदर खोचायची आणि हाक द्यायची, "हुर्रर्रऽऽ याऽऽ गं माय याऽऽ!" माळावरची मेंढरं माना वर करून थेट घराची वाट धरायची आणि त्यांच्या मागं येडबा. त्या हाकेवर गावातल्या बाया चूल पेटवायच्या. तिचा मुलगा हरिओम पूर्णेला रेल्वेत कामाला आहे. तो म्हणतो, "माय, फोन कामून लावतीस? नुसती दारात येऊन बोलत जा, इकडं ऐकू येतंय."

असल्या बाईला गावानं ग्रामपंचायतीवर निवडून दिलं. "शाणपण बघून न्हाई दिलं," केवळाबाई सांगते. "पंचायतीचा भोंगा बिघडला व्हता. नवा आणायचा का मला निवडायचं, एवढाच सवाल व्हता."

एका ठिकाणी मात्र तिचा आवाज खाली यायचा. घरातल्या देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक होता. सकाळी त्याच्यापुढं दिवा लावताना ती इतकं हळू बोलायची की शेजारी बसलेल्या सासूलाही ऐकू जात नसे. सरजाबाई म्हणायची, "देवाला सुदिक तुज्यापासून एवढी सुटका पायजेच."

मागच्या दिवाळीत एक गोष्ट घडली. सरपंच दिनकररावांचा पुतण्या पप्पू, चांगला दाढीमिशा फुटलेला गडी, त्यानं वाडग्याच्या मागं घमेलं उपडं घालून त्याखाली सुतळी बॉम्ब लावला. घमेलं वर गेलं, कुंपण हाललं, मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली. सकाळी बघतात तर बांडी गाभडलेली. बांडी म्हणजे तोंडावर पांढरा पट्टा असलेली, केवळाबाईच्या हातून भाकर खाणारी मेंढी. तिचं कोकरू दिवस भरायच्या आधीच मरून पडलं होतं. केवळाबाईनं ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि बाभळीखाली पुरलं. त्या संध्याकाळी तिनं हाक दिली नाही. मेंढरं बराच वेळ माळावरच उभी राहिली आणि येडब्याला ती वळवून आणायची पाळी आली. गावात पुष्कळ घरी त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी तिचा गळा मोकळा झाला. मग पप्पूच्या कितव्या पिढीपर्यंतचा उद्धार झाला ते सांगण्यात अर्थ नाही.

यंदा बांडी पुन्हा गाभण राहिली. दिवाळी जवळ आली तशी केवळाबाई रात्री दोनदा उठून वाडग्याला फेरी मारायला लागली. नेमका तेव्हाच तहसीलमधून कागद आला. फटाके रात्री आठ ते दहा याच वेळेत वाजवायचे, मोठ्या आवाजाचे वाजवायचे नाहीत, शाळा आणि दवाखान्याजवळ तर मुळीच नाहीत. ग्रामसेविका संघप्रियाताईंनी तो ग्रामसभेत वाचून दाखवला.

केवळाबाई उठली. "शाळा झाली, दवाखाना झाला. जनावराच्या वाडग्याचं काय?"

"वाडग्याचं यात नाही, काकू," संघप्रियाताई म्हणाल्या. "पण ग्रामसभेनं ठराव घेतला तर तेही घालता येईल. किती अंतर धरायचं ते सांगा."

आता मीटर, फूट असलं काही सांगावं की नाही? पण केवळाबाईच्या घरात अंतर कधी मीटरनं मोजलंच नव्हतं. ती म्हणाली, "वाडग्यापासून हाकेच्या अंतरात फटाका वाजवायचा न्हाई."

"कुणाच्या हाकेच्या?" शाळेतल्या धम्मानंद गुरुजींनी विचारलं.

"माझ्या!"

सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या. "तिथंच बसले आसते तर बरं झालं आसतं," केवळाबाई आता म्हणते. "पण मला टाळ्यांची सवय न्हाई ना. टाळ्या वाजल्या अन् मला चढली." ती आणखी बोलली. "दिवाळी आसू द्या, वरात आसू द्या, इलेक्शनचा जुलूस आसू द्या. कोणत्याच कारणानं न्हाई! लिवा ताई, कोणत्याच कारणानं न्हाई!"

ताईंनी तसंच लिहिलं.

धम्मानंद गुरुजी उभे राहिले. "आमची पोरं जयंतीला लडी लावतात. चौदा एप्रिलला तीही लावणार नाहीत, मी जबाबदारी घेतो. पण काकू, नियम सगळ्यांना एकच. उद्या कुणी म्हणलं आमचं कारण वेगळं हाय, तर मग पोरांना मी काय सांगू?"

"गुरुजी, म्या नियम मोडला तर माझं तोंड बांधा," केवळाबाई म्हणाली. सभेच्या मागल्या बाजूनं कुणीतरी "दोरखंड लागंल" म्हणालं. ठराव मंजूर झाला.

हद्द ठरवायची तर हाक मोजायला हवी. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वाडग्यापाशी जमले. पप्पूच मोटारसायकल घेऊन पुढं गेला. जिथं हाक ऐकू यायची बंद होईल तिथून त्यानं चुलत्याला फोन करायचा, असं ठरलं. केवळाबाईनं पदर खोचला आणि हाक दिली.

"मारुतीच्या पारावर हाय. झक्कास ऐकू येतंय," दिनकररावांच्या फोनमधून पप्पू म्हणाला.

पुन्हा हाक.

"शाळेपाशी हाय. येतंय."

पुन्हा.

"कालव्यावर आलाव, काका. येतंय की!"

कालव्याच्या पलीकडं, बरडावर गेल्यावर कुठं पप्पूला ऐकू येईनासं झालं. दिनकररावांनी कपाळाला हात लावला. अख्खी उंबरवाडी, देऊळ, विहार, शाळा, पार, सगळं हद्दीच्या आत आलं होतं. संघप्रियाताईंच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायची काहीतरी सोय होती. त्यांनी आकडा बघितला, मोबाइल मुकाट्यानं पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "काकू, नियमानं बघितलं तर तुम्हाला पण आठ ते दहाच बोलता येईल."

एवढ्यात माळाकडून धुरळा उठला. भर दुपारी सगळी मेंढरं घराकडं पळत सुटली होती आणि मागून येडबा, हातात पायताण, तोंडाला फेस.

"कोण गेलं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कुणी न्हाई गेलं. मोजमाप चाललंय," केवळाबाई म्हणाली.

येडब्यानं बायकोकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, आणि पुन्हा माळाची वाट धरली.

दिवाळी आली. गावात पणत्या लागल्या, दारात भुईनळे आणि फुलबाज्याही पेटल्या, पण आवाजाचं काही वाजलं नाही. ज्यांना राहवलं नाही ते पिशव्या घेऊन कालव्यापलीकडच्या बरडावर गेले, जत्रेला गेल्यासारखे. जाताना वाडग्यावरून जायचे आणि टोमणा टाकायचे.

"केवळामावशी, माझ्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ येतीय. तेवढी परवानगी हाय का?"

"मावशी, आज पापड भाजायलोत. मोडताना लय आवाज होतंय बगा."

केवळाबाई वाडग्याच्या तोंडाशी राजासारखी बसून होती. बांडी शेजारी निवांत रवंथ करत होती. केवळाबाईला वाटलं, आपण काय बाई आहोत! तहसीलदाराला जमलं नाही ते आपण केलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी सरजाबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "उद्याची लड आणली का गं?"

केवळाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

त्यांच्या घरात पाडव्याला मेंढरांचा सण असतो. सकाळी मेंढरांना आंघोळ, अंगावर गेरूचे ठिपके, शिंगवाल्यांच्या शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग. दिवस मावळायच्या आधी वाडग्याच्या तोंडाशी शेण्या पेटवून त्यावर कडुनिंबाचा पाला टाकतात, धुराची आडवी रेघ धरतात. घरची बाई ताट घेऊन वाडग्यात उभी राहते, घरधनी पुढं होतो आणि मागून दणका उडाला की मेंढरं उसळून धुरावरून बाहेर पडतात. वर्षाची रोगराई त्या धुरात राहते, असा त्यांचा विश्वास. त्या दिवशी मेंढरावर काठी उगारायची नाही, हात लावून ढकलायचंही नाही. आपल्या पायांनी गेली पाहिजेत. म्हणून फटाक्याची लड. ही लड इतक्या वर्षांची ठरलेली होती की केवळाबाईला ती फटाका वाटतच नव्हती. ती देवाची वस्तू होती, नारळासारखी.

"गावभर फटाका शोधत हिंडले," ती सांगते, "अन् माझ्याच पदरात बांधलेला मला दिसला न्हाई."

तिनं संघप्रियाताईंना फोन लावला. "ताई, देवाचं काम हाय. एकच लड. ल्हानी."

"काकू, ठरावात लिहिलंय, कोणत्याच कारणानं नाही. तुम्ही दोनदा सांगितलं म्हणून मी अधोरेखित केलं."

"तुमी तरी म्हणायचं न्हाई का मला, बाई जरा इचार कर म्हणून?"

"तुमच्या आवाजापुढं माझा कुठं ऐकू आला असता?"

येडबा क्वचित बोलायचा, पण त्या दिवशी बोलला. "दोन तोटे उडवून घिऊ. कोण बगतंय?"

"बगायचं काम हाय का? ऐकतंय की समदं गाव! अन् गुरुजींनी पोरांना जयंतीच्या लडी नको म्हणून सांगितलंय. माझी एक लड वाजली की त्यांच्या तोंडाला काय राह्यलं? अन् पुढच्या दिवाळीला पप्पू परत घमेलं घिऊन येतंय का न्हाई बगा." ती बांडीकडं बघत म्हणाली.

सरजाबाईचं म्हणणं वेगळं होतं. "मेंढरं धुरावरून गेली न्हाईत अन् वरसात काई झालं, तर मी डोळे मिटताना कुणाचं नाव घिऊ?"

हलगी वाजवावी तर हलगीवाला परभणीला एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलेला. येडबा पत्र्याचं डबडं घेऊन आला. केवळाबाई त्याच्यावर खेकसली, "डबडं वाजलं की मेंढरांना मका मिळतोय, ठाऊक हाय ना? वाजवलं तर पुढं पळतील का तुमच्या अंगावर येतील? जरा डोकं चालवावं माणसानं!"

हे वाक्य ती आजही सांगते. डोकं चालवावं, असं तिनंच म्हटलं होतं.

पाडव्याच्या सकाळी तिनं दिवा लावला आणि बिरोबापुढं जरा जास्त वेळ बसली. "देवा," ती हळूच म्हणाली, "हे तोंड तूच दिलंस. यानंच घोळ केला. आता यानंच निस्तरू दे." हात जोडता जोडता तिला सुचलं. दणका हवा ना? मग दणका आपल्या गळ्यात आहे की! संघप्रियाताईंच्या मोबाइलनं साक्ष दिली आहे. मेंढरांच्या मागं उभं राहायचं आणि लडीच्या जागी एक हाक द्यायची. नियमही राहील, देवही राहील. तिला आपल्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की तिनं देवाला आणखी एक उदबत्ती लावली.

दुपार कलताच अर्धं गाव वाडग्यापाशी गोळा झालं. सणाला नव्हे, केवळाबाई लड लावते की नाही ते बघायला. पप्पू मोटारसायकलवर रेलून बसला होता. धम्मानंद गुरुजी आणि त्यांची बायको राजेश्रीबाई कडेला उभे होते. गुरुजी हाताची घडी घालून बघत होते, त्याचाच केवळाबाईला जास्त धाक वाटला.

शेण्या धुमसल्या. निंबाचा धूर पसरला. येडबा धुराच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. वाडग्यात मेंढरांच्या मागं केवळाबाई, हातात ताट, ताटात दिवा, कुंकू, झेंडूची फुलं. बाजूच्या चुलीवर सासूनं दूध उतू घालायला ठेवलेलं.

"लड कुठाय, मावशी?" पप्पूनं विचारलं.

"हितं," केवळाबाईनं गळ्याला बोट लावलं. मग छाती भरून हाक दिली, "हुर्रर्रऽऽ याऽऽ गं माय याऽऽ!"

मेंढरांनी माना वर केल्या, आणि सगळीच्या सगळी माघारी वळली.

जन्मभर ज्या हाकेनं बोलावलं त्याच हाकेनं ती त्यांना हाकलायला निघाली होती. मेंढरं काय, गुणाची. आली. पुढच्या एडक्यानं ताट उडवलं, त्याच्या मागच्यांनी केवळाबाईला आडवं केलं, दुधाचं पातेलं कलंडलं. दिव्याची वात तिच्या पायापाशी विझली आणि कुंकू सगळं तिच्या तोंडावर आलं. गेरूचे ठिपके मेंढरांना होते, आता तिलाही झाले. बांडी शांतपणे जवळ आली आणि तिच्या केसात अडकलेलं झेंडूचं फूल खायला लागली.

गाव खाली बसून हसलं. धम्मानंद गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. पप्पू मोटारसायकलवरून पडता पडता वाचला.

धुराच्या पलीकडून येडब्याचा आवाज आला, "डोकं चालवावं माणसानं!"

येडब्यानं सबंध संसारात तिला मारलेला हा एकच टोमणा. पण असा बसला की केवळाबाई चिखलात पडल्या पडल्या हसायला लागली. तिचं हसणंही हाकेच्याच मापाचं. "आवो," ती हसता हसता म्हणाली, "मग तुमी इकडं या. मीच तिकडं जाते."

हसणं थांबलं. पाडव्याला बाईनं पुढं व्हायचं, हे त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. सगळ्यांनी सरजाबाईकडं बघितलं. म्हातारी सांडलेल्या दुधाकडं बघत होती. येडबा उभ्या जागी हलला नाही. शेण्या जळत चालल्या होत्या, धूर पातळ होत होता.

"आत्याबाई," केवळाबाई म्हणाली. यावेळी आवाज देव्हाऱ्यापुढचा होता. "तुमी म्हणाल तसं."

सरजाबाईनं काठी आपटली. "देवाला मेंढरं धुरापलीकडं पायजेत. म्होरं कोण, ते त्यानं कवा सांगितलंय? जा, इझायच्या आत जा!"

येडबा धुरावरून अलीकडं आला. केवळाबाईनं रिकामं ताट त्याच्या हातात कोंबलं, धुरावरून पलीकडं गेली, कुंकवानं माखलेलं तोंड वळवलं आणि हाक दिली.

मेंढरं उसळली. एडका पहिला, मग माद्या, मग कोकरं, एकामागं एक धुरावरून उड्या घेत बाहेर आली. कुणी ढकललं नाही, कुणी भ्यालं नाही. सगळ्यांत शेवटी बांडी आली. पोट सांभाळत, थांबत थांबत. धुरापाशी आली, एकदा शिंकली आणि घराचा उंबरा ओलांडावा तशी सावकाश पाऊल टाकून पलीकडं गेली. केवळाबाईनं तिच्या मानेला मिठी मारली.

इकडं येडबा ताट घेऊन उभाच. ओवाळायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं ताट बगलेत धरलं आणि जाणाऱ्या मेंढरांना रामराम केला.

धम्मानंद गुरुजी जवळ आले. "काकू, एप्रिलमध्ये पोरांना आता मी सांगू शकतो," एवढंच म्हणाले आणि हसू दाबत निघून गेले.

पुढच्या ग्रामसभेत केवळाबाई स्वतःच उठली. "हद्द जरा मोठी झाली," ती म्हणाली. "माझी हाक काढा अन् आमच्या यांची धरा." येडब्याची हाक मोजायला गेले तेव्हा ती वाडग्याच्या कुंपणापर्यंतही पोचली नाही. संघप्रियाताईंनी मग दोघांच्या मधलं अंतर धरून मारुतीच्या पारापर्यंतची हद्द लिहिली आणि यापुढं मीटरमध्येच बोलायचं असं बजावलं. 'कोणत्याच कारणानं नाही' मात्र तसंच राहिलं. केवळाबाईनंच राहू दिलं.

थंडी पडायला लागली आणि एके सकाळी बांडी व्याली. तोंडावर पांढरा पट्टा असलेलं कोकरू. उभं राहता राहता दोनदा पडलं, आईला हुंगलं आणि असं काही ओरडलं की झोपलेली सरजाबाई उठून बसली. येडबा बाहेर आला. पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

थोड्या वेळानं पप्पू वाडग्यापाशी आला. हातात बांडीसाठी गुळाचा खडा होता. तो त्यानं केवळाबाईच्या हातात दिला, कुंपणावरून कोकराकडं बघितलं आणि विचारलं, "मावशी, हद्द परत कालव्यापलीकडं न्यावी लागतीय का काय?"